अन्ननलिकेचा कॅन्सर: रक्तातून काय येतं, सवयीतून काय येतं?

नेहमी विचारला जाणारा प्रश्न आधी घेऊ. "डॉक्टर, वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता, मग मलाही होणार का?"

घशापासून जठरापर्यंतची ही साधारण २५ सेंटिमीटरची नळी. आपल्याकडे बहुतेक वेळा तिच्या आतल्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर दिसतो, आणि त्यामागे तंबाखू व दारू ही मुख्य कारणं. "मी विडी ओढत नाही, नुसती गालात धरतो," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, कितीही थुंकलात तरी तो रस थोडा गिळला जातोच! मिश्रीचंही तेच, आमच्या आयाबहिणी तर तिला व्यसनात धरतच नाहीत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण चुना लावून तळहातावर मळलेल्या तंबाखूला कोण अडवणार?

दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं. ते पेशीतल्या डीएनएला इजा करतं. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो जवळपास गुणाकाराने वाढतो.

इथे जनुकं येतात. जपान, चीन, कोरियात अनेकांमध्ये हे ॲसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम जन्मतःच दुबळं असतं. थोडी घेतली की चेहरा लालबुंद होतो, आणि तरी पीत राहिलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. म्हणजे जनुक आणि सवय, दोन्ही लागतात. आपल्याकडे हा बदल क्वचितच आढळतो. टायलोसिस नावाचा एक आजार मात्र खरोखर आनुवंशिक. त्यात तळहात-तळपाय जाड होतात आणि या कॅन्सरचा धोका मोठा असतो. पण तो फार दुर्मीळ.

तेव्हा वडिलांना होता म्हणून मुलाला होणारच, असं नाही. धोका काहीसा वाढू शकतो. पण बऱ्याच घरांत रक्ताआधी वडिलांचा तंबाखूचा बटवा पुढच्या पिढीकडे जातो. तो सोडला की धोका वर्षागणिक उतरतो.

आणखी एक. ही नळी लवचीक आहे, त्यामुळे ती बरीच अरुंद झाल्यावरच घास अडकायला लागतो. मग घरचे प्रेमाने म्हणतात, "भाकरी दुधात कुस्करून खा." काही दिवस निभावतं. नंतर वरण-भात, नंतर पेज, आणि तोवर महिने गेलेले असतात. भाकरी पुन्हा पुन्हा अडकायला लागली की कुस्करत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करा. आमखास मैदानाजवळ आपलं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मराठवाड्यातून लोक तिथे येतात. आपण तर गावातच राहतो.