गंज आणि जुन्या कॅम्परव्हॅनचा जीर्णोद्धार

लोखंडाला गंज 'चढतो', 'लागतो' किंवा 'धरतो', असे आपण म्हणतो. गंज ही बाहेरून येऊन पृष्ठभागावर बसणारी वस्तू आहे, असे ह्या क्रियापदांतून सूचित होते. आणि जी वर बसली ती खरवडून काढता येईल, हे अनुमान त्यामागोमाग येते. 'लोखंड गंजते' हा दुसरा प्रयोग अधिक यथार्थ होय. त्यात लोखंडच कर्ता असून विकारही त्याचाच आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करणारा ह्यांपैकी कोणती कल्पना मनात धरतो, यावर तिची सुरक्षितता अवलंबून असते.

उदाहरणादाखल फोक्सवॅगनची 'टाइप २' ही गाडी घेऊ. तिचे उत्पादन जर्मनीत १९५० च्या मार्चमध्ये वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले व १९५६ मध्ये हानोव्हर येथे गेले. १९५१ पासून वेस्टफालिया ह्या कंपनीने तीत निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून तिला कॅम्परव्हॅनचे रूप दिले. तेथे पहिल्या पिढीची निर्मिती १९६७ मध्ये थांबली; अर्थात तीतील सर्वांत अलीकडची गाडीही आज अर्धशतक ओलांडून गेली आहे. ह्या गाडीचा खालचा सांगाडा व वरचा पत्रा वेल्डिंगने एकजीव केलेले आहेत. दाराखालचे उंबरे म्हणजे पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्याच. पण गाडीचा भार त्याही वाहतात. म्हणून येथील गंज हा शोभेचा नव्हे, तर बळाचा प्रश्न ठरतो.

गंजण्यास पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात. ओल्या लोखंडाचा एक भाग धनाग्र बनतो व तेथे धातू विरघळतो. दुसरा ऋणाग्र बनतो व तेथे प्राणवायू खर्ची पडतो. केंब्रिजचे धातुशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स ह्यांनी खाऱ्या पाण्याच्या थेंबावर केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर असतो. तरी धातू झिजतो तो प्राणवायू कमी असलेल्या मध्यभागी, आणि तांबूस गंजाचे कडे जमते ते ह्या दोहोंच्या दरम्यान. तात्पर्य, गंज दिसतो तेथेच धातू नष्ट होत असेल असे नाही. दोन पत्र्यांच्या सांध्यात अडकलेले पाणी असेच प्राणवायूला मुकते आणि पत्रा आतून पोखरला जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने सांधा फुगतो व रंगाला फोड येतो. हा फोड म्हणजे विकाराचा आरंभ नव्हे, तर उशिरा प्रकटलेले लक्षण होय.

यावरून कामाचा क्रम निश्चित होतो. प्रथम उंबरे, चाकांवरील कमानी, खिडक्यांच्या रबराखालील कडा व बॅटरीखालचा पत्रा ही स्थळे ठोकून व टोचून तपासावीत. कुजलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापावा. परंतु उंबरा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे आधार द्यावेत, अन्यथा गाडी वाकते व पुढे दारे बसत नाहीत. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. पृष्ठभागावर उरलेल्या सूक्ष्म गंजाचे फॉस्फरिक आम्लाने लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. मात्र आम्ल जेथे पोचते तेथपुरतेच. त्यानंतर जस्तयुक्त प्रायमर, सांध्यांवर सीलर व शेवटी रंग द्यावा. पोकळ पेट्यांत नळीने मेण फवारावे. पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत.

छिद्रावर पुट्टी भरून रंग देणारा कारागीर हा पोथीतील त्रुटित जागा खूण न करता स्वतःच्या शब्दांनी भरणाऱ्या लेखनिकासारखा होय. पान भरलेले दिसते, पण पाठ हरवलेलाच राहतो; आणि पुढील वाचकाला तो हरवला आहे हेही कळत नाही. गाडीच्या बाबतीत हे अज्ञान अधिक महाग पडते, कारण पुट्टी भार वाहत नाही. कोणता पत्रा मूळचा व कोणता नवा, ह्याची छायाचित्रांसह नोंद ठेवणे हेही म्हणूनच जीर्णोद्धाराचे अंग मानले पाहिजे.