तरस: जुन्या नावाचा अनोळखी प्राणी

आमच्या शोळिंगनल्लूरहून वंडलूरचं प्राणिसंग्रहालय फार लांब नाही. तिथे नातवाने मला एका प्राण्याचं तमिळ नाव सांगितलं: कळुदैप्पुली. कळुदै म्हणजे गाढव, पुली म्हणजे वाघ. गाढववाघ! समोर उभं होतं आपलं तरस.

मराठीने इथे जुना शब्द जपलाय. संस्कृत तरक्ष किंवा तरक्षु, प्राकृत तरच्छ, मराठी तरस. हिंदीत मात्र लकडबग्घा. अमरकोशात तरक्षूला मृगादन असंही नाव आहे. शुक्ल यजुर्वेदात अश्वमेधाच्या प्राण्यांची लांबलचक यादी येते. तीत काळा कुत्रा, गाढव आणि तरक्षु राक्षसांच्या वाट्याला दिलेत. पुन्हा गाढव शेजारी! पण हा योगायोगच समजा.

खरा घोळ आहे सालावृक या शब्दाचा. ऋग्वेदात उर्वशी पुरूरव्याला सांगते, की बायकांची काळजं सालावृकांची असतात. तैत्तिरीय संहितेत इंद्र यतींना सालावृकांच्या तोंडी देतो. शब्दशः अर्थ घरचा लांडगा. भाषांतरांत कुठे लांडगा, कुठे कोल्हा, कुठे कुत्रा. स्टेफनी जेमिसन या विदुषींनी १९९१च्या ग्रंथात तो तरस मानला. मला ते पटतं. वस्तीच्या कडेला रात्री फिरणारा, मढी उकरणारा प्राणी दुसरा कोणता?

पुढे महाभारतात तरक्षु उरतो तो अरण्यवर्णनात, सिंह-वाघांच्या रांगेत नुसतं नाव म्हणून. पंचतंत्रात कोल्ह्याला थेट मंत्रिपद मिळालं, तरसाच्या वाट्याला तसं काही आलं नाही.

चित्रशिल्पांत अडचण वेगळी. सिंधू मुद्रांवर गेंडा, हत्ती, वाघ सहज ओळखू येतात. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या भिंतींवरही जनावरांची गर्दी आहे. पण पट्टे दिसले की आपण आधी वाघच म्हणतो.

मीही म्हणालो होतो. १९८४, नगर जिल्हा, रात्रीचा तळ. टॉर्चच्या उजेडात पट्टे चमकले आणि मी ओरडलो, "वाघ!" जवान काठ्या घेऊन धावले. सकाळी एका म्हाताऱ्या मेंढपाळाने ते धूड पायाने उलटं केलं. "सायब, तरस हाय हे. मेल्याली हाडं खातं."

त्यानेच खूण दाखवली: पुढचे पाय उंच, पाठ मागे उतरती, मानेवर आयाळ. जुनं चित्र पाहताना मी आता पट्ट्यांच्या आधी पाठ बघतो.