अंगणातली मीटरगेज

आमच्या संग्रामपुरात बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळा, नाही तर उभा हरभरा झोडपणारी गारपीट. त्यामुळे जर्मनीत किंवा इंग्लंडात काही हौशी मंडळी कानटोपी घालून, ऐन हिमवर्षावात, घरामागच्या बागेत छोटी आगगाडी चालवतात, हे आमच्या पारावर कुणाला पटणार नाही. पण चालवतात, आणि तो पोरखेळ नाही.

न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं १९६८ साली 'एलजीबी' ही गाडी काढली, ती घराबाहेर ऊन-पावसात चालावी म्हणूनच. दोन रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर, प्रमाण एकास साडेबावीस. कवीला हिशेब येत नाही म्हणतात, तरी गुणाकार करून पाहा: एक मीटर येतो. म्हणजे ही मीटरगेजच! अकोल्याहून मेळघाटातून खंडव्याला जाणारी आपली गाडी याच मापाची. ती आता नाही. अकोला ते अकोट २०२२ पासून ब्रॉडगेज धावते. माझ्या वयाच्या वऱ्हाडी माणसाला म्हणूनच हे ४५ मिलिमीटर नुसते खेळण्यातले वाटत नाहीत.

आता बर्फाचं. गाडी लहान करता येते, आभाळ लहान करता येत नाही. बागेत सात सेंटिमीटर बर्फ पडला, तर या गाडीच्या लेखी तो दीड मीटरहून उंच. इंजिन जेमतेम काही किलोंचं, आणि चाकाची पकड असते वजनावर. शिवाय वीज येते रुळांतून, चाकांवाटे. रुळावर बर्फाचा पापुद्रा धरला की वीजही तुटते, पकडही सुटते. म्हणून जाणकार गाडीतच बॅटरी ठेवतात, पुढे बर्फ सारणारा पत्र्याचा फाळ लावतात आणि बर्फ साचू न देता फेऱ्या चालू ठेवतात. मला सगळ्यात आवडली ती निराळीच युक्ती. इंजिन उबदार घरातून थेट बाहेर नेत नाहीत. गरम अंगावर बर्फ वितळतो, पाणी फटींत शिरतं आणि तिथंच गोठतं. आधी ते थंड पडवीत निवू द्यायचं.

आपल्याकडे छोट्या गाडीला पाऊस नडतो. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं उभारलेली नेरळ–माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. एकास वीस असा तिचा चढ. ओले रूळ आणि दरडी यांमुळे पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा तिचा प्रवास बंद ठेवतात.

कुणी विचारेल, संग्रामपुरात अंगणात अशी गाडी घालता येईल का? येईल. भीती बर्फाची नाही, काळ्या मातीची आहे. ती पावसात फुगते, वैशाखात भेगाळते, आणि रूळ वेडेवाकडे होतात. वीतभर माती काढून मुरूम ठोकावा, वर बारीक गिट्टी पसरावी. रूळ पितळी असतात. हिवाळ्यातल्या पहाटेच्या दहा अंशांपासून मे महिन्यातल्या पंचेचाळीसपर्यंत दहा मीटर पितळ सहा-सात मिलिमीटर वाढतं. थंडीत रूळ टाकले, तर तेवढी फट सांध्यांत वाटून सोडावी. मे महिन्यात टाकले, तर सांधे भिडवले तरी चालतं.