बदलापूरच्या पावसात गाडीला कोणता टायर हवा?

एसयूव्हीच्या टायरची बाजू नीट पाहिली, तर आकाराच्या आकड्यांजवळ पुष्कळदा ‘एम+एस’ अशी अक्षरं उठवलेली दिसतात. ‘मड अँड स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ. टायरच्या दुकानात ही अक्षरं वाचून एखाद्याला वाटू शकतं, की डोंगरालगतच्या, थंडीत चांगलाच गारठा पडणाऱ्या बदलापूर-अंबरनाथमध्ये असले टायर घेतलेले बरे. घेऊ नका. मात्र बर्फाचा टायर इथे का चालत नाही हे कळलं, की इथल्या पावसात टायरचं काय होतं तेही लवकर कळतं.

टायरचं रबर हवामानाप्रमाणे बदलतं. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरच्या मिश्रणात म्हणूनच असे घटक घालतात, की ते गोठणबिंदूखालीही मऊ राहावं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. गाडीच्या वजनाने त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. या टायरची खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. ही खूण मिळवायला टायरला बर्फावरची चाचणी पार करावी लागते. ‘एम+एस’ला तशी चाचणी लागत नाही, नक्षी कशी आहे एवढंच कंपनी त्यातून सांगते. म्हणून जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून ‘एम+एस’ला हिवाळी टायर मानणं बंद केलं, आता तिथे डोंगराची खूण लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. मॉन्ट्रियलला राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही नोव्हेंबर संपायच्या आत चारी टायर बदलून घ्यावे लागतात.

यात हौसेचा भाग नाही, हे साध्या गणिताने कळतं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे १४ मीटरवर थांबते. गोठलेल्या रस्त्यावर गुणांक ०.१ पर्यंत उतरला, की तेच अंतर शंभर मीटरच्या घरात जातं.

बदलापूरला थंडीच्या लाटेत पहाटे पारा दहा-अकराच्या आसपास येतो. मुंबईकरांना त्याचं भारी कौतुक. टायरच्या हिशेबात मात्र ही थंडीच नव्हे, कारण दुपारी तोच पारा तिशी गाठतो आणि मे महिन्यात डांबराला हात लावता येत नाही. असल्या रस्त्यावर हिवाळी टायरचं मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेक दाबल्यावर ठोकळे वाकून गाडी उलट लांब जाऊन थांबेल. महाग टायर घेऊन सुरक्षितता घटवण्याचा हा प्रकार झाला.

थंडीचा एक परिणाम मात्र इथेही होतो, तो हवेवर. भर दुपारी, गाडी उभी असताना ३२ पीएसआय हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तापमान वीस अंशांनी खाली असलं, तर काटा २९ दाखवतो. पंक्चर नाही, गळती नाही, आतली हवा आक्रसलेली असते. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे चिकटवलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो.

आपला खरा ऋतू जूनमध्ये सुरू होतो. मलंगगड, चंदेरी, माथेरान या डोंगरांवर ढग अडतात, उल्हास नदी फुगते, आणि काटई-बदलापूर रस्त्यापासून उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्यांपर्यंत पाण्याचा थर साचतो. समजा, तो थर फक्त ३ मिलिमीटरचा आहे. छोट्या मोटारीचा १६५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ६० किलोमीटरने त्यावरून जाताना दर सेकंदाला सुमारे आठ लिटर पाणी त्याच्या वाटेत येतं. म्हणजे प्रत्येक टायरसमोर सेकंदाला अर्धी बादली. हे पाणी जाणार कुठे? काही बाजूला फेकलं जातं, उरलेलं टायरच्या लांब खाचांतून मागे निघून जातं. खाचा उथळ झाल्या की त्याला वाट उरत नाही. मग पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं. यालाच अॅक्वाप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग एकदम हलकं होतं, आणि ब्रेक दाबून काही उपयोग नसतो.

हे कोणत्या वेगाला होतं, याचा अभ्यास मुळात विमानांसाठी झाला. १९६० च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्या धावपट्टीवर टायरच्या चाचण्या घेतल्या आणि एक सोपं सूत्र दिलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमधलं, वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण १६.७ ने गुणायचं. येणारं उत्तर म्हणजे चाक तरंगायला लागण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. ३२ पीएसआयला तो ९४ येतो, २५ पीएसआयला ८३. मोटारीच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. गाडी हलकी, टायर रुंद आणि पाणी खोल असेल, तर त्याआधीही चाक उचलतं. पण हवा कमी तर धोका लवकर, एवढं त्यातून पक्कं कळतं. पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा थोडी उतरवून ठेवायची सवय अनेकांना असते. ती मोडा.

अर्थात आपल्या शहरांतल्या खड्ड्यांत आणि गर्दीत ८० चा वेग कोणाला मिळतो? इथले बहुतेक अपघाती प्रसंग तरंगण्याचे नसतात, वेळेत न थांबण्याचे असतात. मघाचंच गणित ओल्या रस्त्याला लावू. झिजलेल्या टायरला ०.४ इतकंच घर्षण मिळालं, तर ताशी ५० च्या वेगातली गाडी १४ ऐवजी २५ मीटर घेते. समोरचा रिक्षावाला प्रवासी दिसला म्हणून थांबला हे लक्षात यायला एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १४ मीटर धरा. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एबीएस चाक जखडू देत नाही, म्हणून गाडी वळवता येते. टायरमध्ये नसलेली पकड त्याला निर्माण करता येत नाही.

म्हणजे सगळं येऊन ठरतं खाचेच्या खोलीवर. मोटारीचा नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल खाचा घेऊन येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ही खोली मोटारीला १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये. मोटारीच्या टायरमध्ये ही रेषा कंपनीनेच आखून दिलेली असते. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे बाजूवरच्या त्रिकोणाने किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरांनी कळतं. नक्षी त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझ्या मते आपल्या पावसाला हा नियम फार ढिला आहे. १.६ ला टायर कायद्याने चालतो, पण ओल्या रस्त्यावर ३ मिलिमीटरच्या खालीच थांबण्याचं अंतर झपाट्याने वाढू लागलेलं असतं. मोटारीसाठी मे महिन्यात ३ हा आकडा धरावा. ३ पेक्षा थोडी जास्त खोली उरली असेल, तरी चार महिने ती झिजणारच आहे, हे लक्षात ठेवा.

मोजायला शाळेची पट्टी घेतली तर फसाल, कारण तिचा शून्य कडेपासून आत असतो. अंबरनाथ एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणाच्या घरी व्हर्नियर असेल तर उत्तम. त्याच्या शेपटाकडून बाहेर येणारी बारीक दांडी खोली मोजण्यासाठीच असते. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड, तिन्ही ठिकाणी मोजा. फक्त मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, आणि एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय.

गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने पुन्हा खाचा पाडून देणारे रस्त्याकडेला भेटतात. पैसे वाचतात खरे, पण खाचेखाली तारांच्या थरांना झाकणारं जे पातळ रबर उरलेलं असतं तेच कापलं जातं. मोटारीच्या किंवा दुचाकीच्या टायरवर हा उद्योग करू नये. ट्रकचा टायर कारखान्यात रीतसर रिट्रेड होतो, ती गोष्ट निराळी. जुना, न वापरलेला टायर ‘नवा’ म्हणून गळ्यात पडू नये यासाठी बाजूवरच्या निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. आणि दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा, मोटार पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा हाती येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं सरावलेल्या चालकालाही जड जातं.

दुचाकीचा टायर अरुंद आणि गोल असल्यामुळे तो पाणी सहज कापतो. त्याचे शत्रू वेगळे आहेत. रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलाचे सांधे, पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ आणि बदलापुरात जागोजागी चाललेल्या बांधकामांवरून डंपरच्या चाकांना लागून येणारी माती. पहिल्या सरीत वर्षभराचं तेल आणि धूळ यांचा साबण होतो, आणखी दोन-तीन चांगल्या सरी आल्या की तो धुऊन जातो. तोवर टायर नवा असला तरी वळणावर ब्रेक दाबू नका.

मुरबाडवरून माळशेजला किंवा नेरळवरून माथेरानच्या दस्तुरी नाक्याला जाणाऱ्यांसाठी एवढंच, की ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात आणि ओल्या वळणावर टायरची सगळी पकड ब्रेकमध्येच खर्च होते, वळायला काही उरत नाही.

आणि काही दिवस असे येतात की टायरचा प्रश्नच राहत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. रस्त्यावरून फूटभर पाणी जोराने वाहत असेल तर छोटी मोटार त्यात ढकलली जाऊ शकते, टायर कोणताही असो. तिथे गाडी वळवा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा.