परदेशातील ढोल-ताशा पथके

परदेशातील ढोल-ताशा पथके ही महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी भाषकांनी चालवलेली हौशी वादकांची पथके होत. गणेशोत्सव, शिवजयंती आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाची (स्थापना १९८१) अधिवेशने हे त्यांच्या वादनाचे प्रमुख प्रसंग असतात.

पार्श्वभूमी

ग्रामीण भागातील हे वादन शहरी विद्यार्थ्यांपर्यंत आणण्यात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे (स्थापना १९६२) संस्थापक अप्पा पेंडसे यांचा मोठा वाटा आहे. पुढे मुलीही पथकांत आल्या. खानदेशात जळगाव व धुळे येथील विसर्जन मिरवणुकांतही अशी पथके असतात.

वादन व शिक्षण

कमरेला बांधलेल्या ढोलाच्या एका पानावर टिपरूने, तर दुसऱ्यावर हाताने आघात करतात. गळ्यात अडकवलेला ताशा दोन बारीक काड्यांनी वाजवतात. ठेका बदलण्याचा इशारा ताशावादक देतो. ब्राझीलमधील सांबा पथकांतही अशीच विभागणी आढळते: ‘सुर्दो’ हे मोठे ढोल लयीचा पाया धरतात आणि ‘रेपिनीक’ हे लहान तालवाद्य इशारे देते. ठेके प्रामुख्याने तोंडी बोलांनी शिकवले जातात. त्यामुळे मराठी वाचता न येणारी, परदेशात जन्मलेली मुलेही ते आत्मसात करू शकतात.

अडचणी

ढोल विमानाने नेणे खर्चिक असते. कातडी पान दमट हवेत सैल पडते, म्हणून अनेक पथके प्लास्टिकचे पान वापरतात. सरावासाठी जागा मिळवणे व शेजाऱ्यांना आवाजाचा उपद्रव होऊ न देणे हे त्याहून बिकट असते. स्थलांतरितांची पहिली पिढी ठेके कानात घेऊन आलेली असते. पुढील पिढीला ते सरावानेच मिळतात. त्यामुळे नियमित सराव थांबल्यास पथकाची परंपरा खंडित होण्याचा धोका असतो.