उतारवयात वजन उतरावे, ताकद नव्हे

आपल्या नाशिक रोडच्या वस्त्यांत प्रेसमधून निवृत्त झालेले, धुणीभांडी करून थकलेले कितीतरी ज्येष्ठ वजनामुळे गुडघे धरून बसतात. मग एक वेळचे जेवण तोडतात. वजन उतरते, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि जमिनीवरून उठायला दुसऱ्याचा हात लागतो.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील १६० लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने बेताचा आहार घेऊन दमाचे आणि ताकदीचे असे दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक क्षमता २१ टक्के वाढली. एकच प्रकार करणाऱ्यांची १४ टक्के. वजन मात्र तिन्ही गटांत सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले.

म्हणून आम्ही सांगतो, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. सुरुवात दहा मिनिटांनी करा. दोन दिवस भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून दहा वेळा उठबस करा. गोड चहा, तळण, जास्तीचा भात कमी करा. डाळ, मटकी, अंडी सोडू नका. बीपी, शुगर, हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबा.

एकट्याने कंटाळा येतो. वंदनेनंतर विहारातूनच चौघे मिळून चालायला निघा.