हायवेची रेषा आपल्या शेतातून गेली तर? २१ दिवसांचा हिशेब आधीच समजून घ्या

सातारा/सांगली : कराडच्या कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला गेला. पुणे–बंगळूर महामार्ग सहापदरी करताना तो आड येत होता. रस्ता पुढच्या वीस-तीस वर्षांच्या वाहतुकीचा अंदाज धरून आखतात. अंदाज तोकडा पडला की बांधलेलं पाडावं लागतं, आणि शेजारच्या शेतकऱ्याची जमीन दुसऱ्यांदा मोजली जाते.

आता सातारा–कागल सहापदरीकरण सुरू आहे, खंबाटकीला नवा जुळा बोगदा होतोय. शिवाय दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांतून पुणे–बंगळूर नवा द्रुतगती मार्ग आखला आहे. जिथं आत्ता कुठं टेंभूचं पाणी आलं, बागा उभ्या राहिल्या, त्याच पट्ट्यातून ही रेषा जाते. म्हणून ही प्रक्रिया कशी चालते, ते माहीत हवं.

दगड रोवला म्हणजे जमीन गेली का?

नाही. आधी वाहतूक मोजतात, मार्गाचे पर्याय तपासतात, सविस्तर प्रकल्प अहवाल होतो. सर्वेक्षणाचे दगड याच काळात रोवले जातात. राष्ट्रीय महामार्गाचं भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार होतं. त्याचे मुख्य टप्पे असे :

- कलम ३ए : कोणती जमीन घ्यायची, याची अधिसूचना राजपत्रात येते. तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात. त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं.
- कलम ३सी : अधिसूचनेपासून २१ दिवसांत लेखी हरकत. सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत बोलता येतं.
- कलम ३डी : ही घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारच्या नावे होते. ३ए नंतर वर्षभरात ही घोषणा झाली नाही, तर आधीची अधिसूचना रद्द ठरते.
- कलम ३जी : मोबदला ठरतो. तो मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं.

खरी मेख २१ दिवसांत आहे. हरकत जमीन घेण्यावर असते, भावावर नाही. विहीर वाचावी म्हणून रेषा थोडी सरकवा, पाईपलाईनला रस्त्याखालून वाट ठेवा, दोन तुकडे होणाऱ्या रानात जायला भुयारी मार्ग द्या, हे तेव्हाच गट नंबर आणि नकाशासह लिहून द्यावं. रस्ता झाल्यावर बैलगाडीला दोन किलोमीटरचा वळसा पडला, तर मग ऐकायला कोणी नसतं.

पैसे कसे ठरतात?

बाजारभाव काढताना रेडी रेकनरचा दर आणि गावातल्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांमधल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी पाहतात. जास्त असेल तो आकडा धरतात. त्याला राज्याने ठरवलेला गुणांक लागतो, त्यात विहीर, झाडं, घर यांची किंमत मिळवतात आणि तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात.

इथं गावाची एक जुनी सवय नडते. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी किंमत दाखवली, की तोच कमी भाव पुढे सगळ्या शिवाराच्या मोबदल्यात उतरतो.

आजच काय करायचं?

- सातबारा आणि फेरफार तपासा. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या. वाटणीचा वाद असेल तर पैसे अडकतात.
- विहीर, बोअर, पाईपलाईनची नोंद आहे का बघा. बाग असूनही सातबाऱ्यावर जिरायत असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. ई-पीक पाहणी दर हंगामात करा.
- संयुक्त मोजणीला बांधावर स्वतः हजर राहा. झाडं मोजून घ्या, फोटो काढून ठेवा. न वाचता पंचनाम्यावर सही करू नका.
- नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय ते आधी वाचा. शक्तिपीठ महामार्ग हा राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा प्रकल्प आहे, राष्ट्रीय महामार्ग नाही. त्याचा कायदा वेगळा आहे.

हरकत दिली की पोच घ्या आणि जपून ठेवा. पुढे लवादासमोर तोंडी बोललेलं टिकत नाही, कागद टिकतो.